सुपरचार्जर लावायच्या आधी काय काय लावायचं?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटून जातात, आणि या भागात आकडे भरपूर आहेत. म्हणून बोललेलं जरा झाडून-पुसून इथे टाकतोय. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी गणितं परत बघायला वाचा, ज्यांनी नाही ऐकला त्यांनी एसटीत बसल्या बसल्या वाचा.

तर गोष्ट सुरू होते एका व्हॉट्सॲप कॉलपासून. मी गावी आलो होतो, नेसरीला. शनिवारी रात्री जेवून अंगणात बसलो होतो आणि अमेरिकेतून दादाचा कॉल आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आमच्याच घरात वाढला, कोल्हापुरात शिकला, आता मिशिगनमध्ये डेट्रॉईटच्या जवळ राहतो. त्याच्याकडे २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. सेकंडहँड, मॅन्युअल गिअर, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. ज्या गावाजवळ राहतो त्याच भागात, फ्लॅट रॉकच्या कारखान्यात ती गाडी बनते, त्यामुळे तिचा अभिमान वेगळाच.

दादा म्हणाला, "भावा, सुपरचार्जरचं किट मागवलंय. सेल होता. पुढच्या शनिवारी बसवतोय. गॅरेजवाला म्हणतो दोन दिवसांचं काम आहे."

मी विचारलं, "दादा, आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? किटमध्ये सगळं येतंय की."

मी क्लचचं विचारलं, ब्रेकचं विचारलं, इंजिनची तपासणी कधी केलीस ते विचारलं. पलीकडे शांतता. मग हसून म्हणाला, "अरे आपण नेसरीचे. आपण मागंपुढं बघत नाही." मी म्हटलं, "दादा, प्रतापराव गुजरांसमोर लढाई होती. तुझ्यासमोर ऑफिसचा रस्ता आहे. आणि त्याच गाडीतून माझा पुतण्या शाळेत जातो."

तेव्हा आजचा विषय हा. रोज रस्त्यावर चालणाऱ्या मसल कारला सुपरचार्जर बसवायचा असेल तर त्याच्या आधी काय काय करावं लागतं, कुठल्या क्रमाने, आणि का. तुमच्याकडे मस्टँग नसेल, माझ्याकडेही नाही. पण तुम्ही तुमच्या टर्बो गाडीला रिमॅप करायचा विचार करत असाल तर यातलं बरंच काही तुम्हालाही लागू आहे.

काकांची मोटर

दादाला मी सुपरचार्जर समजावला नाही. त्याला काकांच्या मोटरची आठवण करून दिली.

आमचं उसाचं शेत घटप्रभेच्या बाजूला आहे. तिथे पाच एचपीची मोटर होती. पाणी शेवटच्या वावरापर्यंत नीट पोचत नव्हतं, म्हणून काकांनी एका वर्षी साडेसात एचपीची मोटर आणली. मोटर तेवढी बदलली. स्टार्टर जुना, केबल जुनी, पाइप जुनी चार केजीची. पहिल्या रात्री लाईट आली, मोटर सुरू झाली, पाणी असं फेकलं की सगळे खूश. दुसऱ्या रात्री केबल गरम होऊन वास यायला लागला. तिसऱ्या रात्री मधला जॉइंट फुटला आणि रात्रभर पाणी शेजाऱ्याच्या भुईमुगात. मोटर शेवटपर्यंत ठणठणीत होती बरं का. तिच्यात काहीच दोष नव्हता.

दादा त्या रात्री बॅटरी घेऊन पाइप शोधायला आला होता. त्यामुळे त्याला पुढचं सगळं लगेच कळलं.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅफिक दीडपट करायचं आणि डेटाबेस तोच ठेवायचा, असा हा प्रकार. सिस्टीमचा वेग सगळ्यात अरुंद जागा ठरवते. एक जागा रुंद केलीत की अडचण सरकून पुढच्या जागी जाते. म्हणून आधी सगळ्या जागा मोजायच्या.

सुपरचार्जर नक्की करतो काय?

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जेवढी हवा आत, तेवढं पेट्रोल जाळता येतं, तेवढी ताकद. साधं इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या श्वासाने ओढतं. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय. सुपरचार्जर हा इंजिनच्याच बेल्टवर फिरणारा ब्लोअर, तो हवा दाबून आत कोंबतो. टर्बो हेच काम एक्झॉस्टच्या धुरावर करतो, एवढाच मुख्य फरक.

ही कल्पना गाड्यांच्या आधीची आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन पात्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं. तो भट्टीत हवा सोडायला वापरला जायचा. म्हणजे आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीला जो ब्लोअर हवा देतो, त्याचा आणि मस्टँगच्या बॉनेटखालच्या सुपरचार्जरचा पूर्वज एकच. पुढे अमेरिकन पोरांनी ट्रक-बसच्या डेट्रॉईट डिझेल इंजिनावरचे ब्लोअर काढून ड्रॅग रेसच्या गाड्यांवर बसवले. त्यांतला '६-७१' प्रसिद्ध आहे. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचाचा, त्या इंजिनवरचा ब्लोअर म्हणून ६-७१.

आता गणित. दादाचं किट ८ पीएसआय दाब देतं. १४.७ अधिक ८ म्हणजे २२.७. भागिले १४.७. उत्तर १.५४. म्हणजे कागदावर दीडपटीहून जास्त हवा. मूळ गाडी ४३५ हॉर्सपॉवरची. कागदावर ६७० व्हायला हवी. प्रत्यक्षात हवा तापते, आणि ब्लोअर फिरवायला इंजिनच चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर खर्च करतं. म्हणून सहाशेच्या आसपास धरू.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चाकाकडे सहाशे जात असले तरी इंजिनच्या आत पिस्टन आणि रॉड साडेसहाशेचा मार खात असतात.

पायरी पहिली: इंजिनची तब्येत

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त लोक गाळतात ती पायरी.

दोन तपासण्या करायच्या. एक, कॉम्प्रेशन टेस्ट: प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते बघायचं. आकड्यापेक्षा आठही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. दुसरी, लीक-डाउन टेस्ट: सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान. वीसच्या पुढे गेली तर थांबायचं. हवा कुठून बाहेर येते तेही कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा.

ज्या इंजिनच्या रिंगा आधीच दमल्यात त्याला दीडपट हवा दिली तर ती खाली क्रँककेसमध्ये जाणार, तिथलं ऑइल वाफ होऊन परत इनटेकमध्ये येणार, आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल लवकर नॉक करतं. म्हणून ब्लोअर बसवताना हे ऑइल पकडायला एक कॅच कॅन लावतात. पण कॅच कॅन म्हणजे औषध नव्हे, बादली आहे.

मी दादाला एवढंच म्हटलं, "बाकी काही ऐकू नको माझं. शनिवारच्या आधी एक लीक-डाउन टेस्ट करून घे." तो हो म्हणाला. निकाल शेवटी सांगतो.

पायरी दुसरी: पेट्रोल पुरतं का?

हवा दीडपट झाली की पेट्रोलही त्या प्रमाणात हवं. पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. पण पूर्ण ताकदीवर, दाबाखाली, इंजिन थंड ठेवायला मुद्दाम जास्त पेट्रोल देतात. साधारण ११.५ ते १२ ला १.

ब्लोअर असलेलं इंजिन प्रत्येक हॉर्सपॉवरमागे तासाला जवळपास ०.३ किलो पेट्रोल खातं. सहाशे गुणिले ०.३ म्हणजे १८० किलो. लिटरमध्ये साधारण २४०. तासाला २४० म्हणजे मिनिटाला चार लिटर! मस्टँगची टाकी ६० लिटरची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तर पंधरा मिनिटांत कोरडी. अर्थात रस्त्यावर कोणी पंधरा मिनिटं दाबून धरत नाही, पण जे दहा सेकंद दाबतो त्या दहा सेकंदांत पंपाला हा वेग द्यावाच लागतो.

आता इंजेक्टर. २४० लिटर आठ जणांत वाटले, प्रत्येकाला तासाला ३०, म्हणजे मिनिटाला ५०० सीसी. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं. म्हणून ६२५ सीसीचा इंजेक्टर हवा. मूळ ४३५ हॉर्सपॉवरला साधारण ३५० सीसीचे पुरतात. म्हणजे इंजेक्टर जवळजवळ दुप्पट. चांगल्या किटमध्ये ते येतात. पण पंप येतो का, हे वाचून बघायचं, कारण दाब वाढला की पंपाचा प्रवाह कमी होतो. डब्यावर लिहिलेला आकडा कुठल्या दाबाला आहे ते विचारायचं.

पंप कमी पडला तर काय होतं? गाडी बंद नाही पडत. तसं झालं असतं तर बरंच. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आतलं तापमान वाढतं, नॉक सुरू होतो आणि पिस्टन जातो. पाच-दहा सेकंदांत.

इथे आपल्या ऊसकऱ्यांसाठी एक गंमत. अमेरिकेत बरेच जण अशा गाड्यांत ई-८५ घालतात, म्हणजे जास्तीत जास्त ८५ टक्के इथेनॉल असलेलं इंधन. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला आणि वाफ होताना ते हवेला थंड करतं, म्हणून नॉक कमी. तिकडे ते मक्यापासून करतात, आपल्याकडे उसापासूनही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून प्रवाह तीसेक टक्के जास्त लागतो. आपला ६२५ चा इंजेक्टर ८०० च्या पुढे जातो, आणि पंपाचं गणित पहिल्यापासून करावं लागतं.

ऑक्टेनच्या आकड्यातही एक फसगत आहे. अमेरिकेतल्या पंपावर '९३' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे साधं पेट्रोल '९१' म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. वाटतं दोनचाच फरक. पण मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत. आपलं ९१ हे तिकडच्या साधारण ८७ च्या बरोबरीचं, आणि तिकडचं ९३ हे आपल्या मोजणीत ९८ च्या आसपास. तिकडच्या व्हिडिओतलं सेटिंग जसंच्या तसं इकडे उचललं की इंजिनचा जीव जातो तो इथे.

पायरी तिसरी: उष्णता

सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरताना गरम होतं, आठवतंय? तेच इथे. ३० अंशांची हवा ८ पीएसआयने दाबली तर चांगल्या ब्लोअरमध्येही ती ९० अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद कमी. आणि गरम हवेत पेट्रोल स्पार्कच्या आधीच पेटायला बघतं.

म्हणून इंटरकूलर. मस्टँगच्या बहुतेक किटमध्ये पाण्यावर चालणारा इंटरकूलर ब्लोअरच्या खालीच बसवलेला असतो. त्याचं पाणी वेगळं, पंप वेगळा, पुढचा छोटा रेडिएटर वेगळा. एक राउंड मारला की सगळं मस्त. सिग्नलला दहा मिनिटं उभे राहिलात, वर ऊन, खाली इंजिन, तर ते पाणीच तापून बसतं. याला हीट सोक म्हणतात. रेसच्या गाडीला सिग्नल नसतो. रोजच्या गाडीला असतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला पुढचा रेडिएटर मोठा हवा, मुख्य रेडिएटर धड हवा, आणि लांब चढावर जायची सवय असेल तर ऑइल कूलरही.

पायरी चौथी: नॉक, प्लग आणि ईसीयू

नॉक हा शब्द आतापर्यंत पाच-सहा वेळा आला, तर तो नीट समजून घेऊ. साध्या जळण्यात प्लगपासून आग पसरत जाते, वेळ घेऊन पिस्टनला ढकलते. नॉकमध्ये कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून पेटतं, सगळं एकदम. ढकलण्याऐवजी हातोडा बसतो. पिस्टनवर रिंगांच्या मधल्या ज्या बारीक कडा असतात त्या आधी तुटतात.

दादाच्या इंजिनचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे. ब्लोअरशिवाय चालायला बनवलेल्या इंजिनला हे उत्तम, पण ब्लोअर लावला की चुकीला जागा फार थोडी उरते. म्हणून तीन गोष्टी. प्लग एक पायरी थंड प्रकारचे. प्लगची गॅप कमी, मूळ सव्वा मिलिमीटरच्या जागी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, कारण दाबलेल्या हवेत ठिणगी विझते. आणि ईसीयूचं ट्यूनिंग, जे त्याच गाडीवर, त्याच पेट्रोलवर, डायनोवर किंवा लॉग घेत घेत केलेलं असावं.

माझा स्वतःचा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून हे ठासून सांगतो. नेटवरून उतरवलेली फाइल म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरची कॉन्फिग. चालेलही. पण लॉग बघितल्याशिवाय ती चालतेय की नुसती अजून पडली नाही, हे कळत नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण, नॉकमुळे ईसीयूने मागे घेतलेलं टायमिंग, इंधनाचा दाब आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हे चार आकडे तरी रेकॉर्ड झालेच पाहिजेत.

पायरी पाचवी: इंजिनच्या आत

सहाशेपर्यंत दादाच्या इंजिनचे पिस्टन-रॉड सहसा टिकतात. पण या इंजिनची एक जुनी दुखरी जागा आहे: ऑइल पंपाचे गिअर. कंपनीचे गिअर धातूची पावडर दाबून केलेले असतात. ब्लोअरचा बेल्ट क्रँकशाफ्टवर जो झटका देतो, त्यात आणि रेव्ह लिमिटरवर वारंवार आपटलं तर ते फुटू शकतात. ऑइलचा दाब शून्य, आणि पुढच्या काही क्षणांत इंजिन भंगार. म्हणून बरेच अनुभवी लोक अखंड स्टीलमधून कापलेले गिअर आधीच घालून घेतात. पार्ट स्वस्त आहे, पण तिथपर्यंत पोचायला इंजिनची पुढची बाजू पूर्ण उघडावी लागते. ब्लोअर बसवताना निम्मं उघडलेलंच असतं, म्हणजे मजुरी एकदाच. नंतर करायचं म्हटलं तर सगळं परत.

यापेक्षा जास्त ताकद हवी तर घडीव पिस्टन, घडीव रॉड, रिंगांना जास्त फट. तो वेगळा खर्च, वेगळा भाग.

पायरी सहावी: क्लचपासून टायरपर्यंत

इंजिनने ताकद केली, आता ती रस्त्यावर पोचायला हवी. क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, मागचे ॲक्सल, टायर. यात पहिला हात टेकतो तो क्लच. टॉप गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम वाढतो पण वेग नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मजबूत क्लच घातला की झटका पुढे ॲक्सलकडे जातो. काकांच्या जॉइंटची गोष्ट परत.

टायरचं तर विचारू नका. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ असतं. मागच्या चाकांवर सहाशे हॉर्सपॉवर आणि झिजलेले टायर. यात काय होणार ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पायरी सातवी, खरं तर पहिली: ब्रेक

आता माझी गोष्ट, आणि ही मी पॉडकास्टवर पहिल्यांदा सांगितली.

पुण्यात नोकरी लागल्यावर मी एक जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. चार महिन्यांत एका गॅरेजमध्ये जाऊन रिमॅप करून घेतला. गाडी अशी पळायला लागली की नाद खुळा. त्या गॅरेजने ब्रेकबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मीही नाही.

दिवाळीत आईला आणि आजीला घेऊन सावंतवाडीला निघालो. नेसरीहून आजरा, तिथून आंबोली. घाट उतरताना मी दोन वळणांच्या मध्ये गाडी दाबत होतो आणि वळणावर ब्रेक मारत होतो. कारण आता गाडी दबत होती ना! निम्मा घाट झाला आणि ब्रेकचा पेडल मऊ लागला. पुढच्या वळणाला तो जवळपास तळाला गेला. समोरून एसटी येत होती. मी दुसऱ्या गिअरला टाकली, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. कोणाला लागलं नाही. आजीने एवढंच विचारलं, "काय झालं रे बाळा, थांबलास का?"

कारण नंतर कळलं. ब्रेक फ्लुइड चार वर्षं जुनं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट-४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. बाटलीची किंमत चारशे-पाचशे रुपये. रिमॅपला मी वीस हजार दिले होते.

गणित असं आहे. चालत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. ताशी १०० ऐवजी १४० ने आलात तर वेग चाळीस टक्केच वाढला, पण ब्रेकला जिरवायची उष्णता जवळपास दुप्पट. मस्टँग तर १,७०० किलोची. ताकद वाढवली की माणूस त्याच दोन सिग्नलच्या मध्ये जास्त वेगाला पोचतो, आणि थांबायला अंतर तेवढंच असतं. म्हणून पॅड, डिस्क, नवीन फ्लुइड आणि टायर हे सुपरचार्जरच्या आधी. गाडीला ब्लोअर कधीच लागला नाही तरी हा खर्च वाया जात नाही.

आपल्याकडे करायचं असेल तर?

हा प्रश्न मला हमखास येतो. मस्टँग भारतात २०१६ मध्ये आली, तीही मोजक्या लोकांकडे. पण प्रश्न कुठल्याही गाडीचा असो, कायदा आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर आहे त्यापेक्षा, म्हणजे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा. कंपनीला न सांगता बदल केलेत आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी तुम्ही एकटे. वेगाची हौस असेल तर कोइम्बतूरला आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत, तिथे फेडा.

अमेरिकेतही सगळं मोकळं नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे. कॅलिफोर्नियात तर रस्त्यावर चालवायला किटला तिथल्या मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो.

क्रम आणि पैसा

ज्यांना फक्त स्क्रीनशॉट घ्यायचाय त्यांच्यासाठी:

१. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट. इथे नापास तर पुढे जायचं नाही.
२. ब्रेक, ब्रेक फ्लुइड, टायर.
३. कूलिंग: रेडिएटर, होज, पंखे, ऑइल.
४. ताकदीचं लक्ष्य एका आकड्यात लिहून ठेवायचं. पेट्रोल कुठलं मिळणार तेही.
५. त्या आकड्यावरून पंप आणि इंजेक्टर.
६. क्लच.
७. मग किट, त्याचबरोबर ऑइल पंपाचे गिअर, प्लग, कॅच कॅन. उघडलंय तोवर सगळं.
८. ट्यूनिंग आणि लॉग. पहिल्या टाकीला पूर्ण ॲक्सिलरेटर नाही.

पैशाचं माझं मत सांगतो. किटला जेवढे लागतात, तेवढेच बाजूला असतील तरच किट मागवा. सगळे खर्च होतीलच असं नाही. पण ते नसताना काही निघालं, तर माणूस "चालतंय की" म्हणून पुढे जातो, आणि इंजिन तिथेच जातं.

दादाचं काय झालं?

शुक्रवारी रात्री त्याचा मेसेज आला. सात सिलिंडर सहा ते नऊ टक्के. सहा नंबरचा सिलिंडर बावीस. हवा ऑइलच्या झाकणातून. म्हणजे रिंगा.

मी फोन केला. जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "शनिवारी बसवलं असतं तर?" मी म्हटलं, किती दिवस टिकलं असतं ते मला सांगता येणार नाही. पण पहिल्यांदा मोकळ्या हायवेला दाबली असतीस त्या दिवशी मागच्या सीटवर कोण असतं, ते तूच बघ.

फिटिंग रद्द केलं. किट परत घेत नव्हते, म्हणून ते खोक्यातच आहे. त्याने पुढच्या महिन्यात ब्रेक केले, टायर बदलले, रेडिएटर बदलला. दर ऑगस्टमध्ये तिकडे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या-नव्या मसल गाड्यांची मोठी मिरवणूक असते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, १९९५ पासून. दादा मुलाला घेऊन गेला. ब्लोअरशिवाय. व्हिडिओ पाठवला. पोरगं खिडकीतून हात हलवत होतं आणि मागून व्ही-८ चा आवाज.

इंजिन उघडून रिंगा बदलायच्या आणि मग पुढचं, असा आता दोन वर्षांचा बेत आहे. तोपर्यंत गॅरेजमधल्या त्या खोक्यावर वहिनीने पापडाचे डबे ठेवलेत. दादा म्हणतो, जगातलं सगळ्यात महाग फडताळ.

तर मंडळी, तुमच्या गाडीचं ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं होतं? आठवत नसेल तर आज सर्व्हिस बुक काढून बघा. बाकी पुढच्या भागात. नेसरीहून नमस्कार!